भूकंपाचा इशारा विकू नका, मोजमाप विका : रेडॉन, मशीन लर्निंग आणि आपला मराठवाडा



मागच्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, रेडॉन वायूचा सेन्सर लावून एआयने भूकंप आधीच कळतो म्हणे. आपल्याकडे याची डीलरशिप घ्यावी का?" विचारणारे बहुतेक जण नांदेड, हिंगोली, लातूर, औसा, निलंगा इकडचे. आणि त्यात नवल नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पुन्हा १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या आसपास. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, मोठ्या धक्क्यांची तीव्रता साडेचारच्या घरात, पण नांदेडात लोक भांडी वाजली म्हणून घराबाहेर आले. लातूरकडच्या माणसाला तर सांगायलाच नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली.

जिथे भीती खरी आहे, तिथे यंत्र विकणं सोपं असतं. म्हणूनच आज हा विषय नीट शिकून घेऊ. संशोधन कुठे चाललंय, त्यात पक्कं काय आणि कच्चं काय, आणि आपल्यासारख्याला त्यात धंदा कुठे आहे. थोडा लांबचा धडा आहे, चहा घेऊन बसा.

रेडॉन म्हणजे काय, आधी ते

दगडात आणि मातीत थोडं युरेनियम सगळीकडेच असतं. ते हळूहळू विघटित होत जातं, त्या साखळीत रेडियम येतं आणि रेडियमपासून रेडॉन. रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचं अर्धआयुष्य ३.८ दिवस, म्हणजे आज १०० भाग असला तर चार दिवसांनी साधारण निम्मा उरतो. उघड्यावर तो हवेत विरून जातो. बंद खोलीत, तळघरात मात्र साठतो. श्वासावाटे आत गेला की त्याची मुलंबाळं, म्हणजे विघटनातून तयार होणारे किरणोत्सारी कण, फुप्फुसात चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचा नंबर लागतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी जास्त, हे गिऱ्हाइकाला सांगायला विसरायचं नाही.

मोजायचं एकक बेकरेल. सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल. घरातल्या हवेसाठी आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली पातळी घनमीटरला १०० बेकरेल. ते जमत नसेल तर देशांनी ३०० च्या वर तरी जाऊ नये, असं ती म्हणते.

आता आपल्या भागाचा भूगोल बघा, कारण धंद्याचं गणित इथूनच सुरू होतं. लातूर जिल्हा बहुतांश काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर. भूकंपानंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल वैज्ञानिक बोअर घेतला, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टच लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. बेसाल्टमध्ये युरेनियम कमी, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या काही पट. नांदेड जिल्ह्यात मात्र पूर्वेकडे देगलूर, बिलोली, मुखेड भागात हाच ग्रॅनाइट जमिनीवर उघडा पडलेला दिसतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात हदगावच्या आणि देगलूरच्या घरात फरक पडू शकतो. शिवाय आपली काळी माती! उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात फुगून घट्ट बंद. जमिनीतून वायू बाहेर यायच्या वाटा या मातीत ऋतूनुसार उघडतात आणि मिटतात. परदेशी माती बघून तयार केलेलं मॉडेल इथे जसंच्या तसं चालेल, ही अपेक्षा म्हणूनच ठेवू नका. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

भूकंप आणि रेडॉन : आशा कुठून आली

कल्पना तशी सरळ आहे. जमिनीखाली ताण वाढला की खडकात बारीक भेगा पडतात, अडकलेला वायू मोकळा होतो, माती-पाण्यातलं रेडॉन वाढतं. १९६६ च्या ताश्कंद भूकंपानंतर तिथल्या खोल विहिरींच्या पाण्यातल्या रेडॉनची चर्चा सुरू झाली. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपाआधी एका विहिरीत ऑक्टोबर ते डिसेंबर १९९४ या काळात रेडॉन सुमारे चौपट झालं, आणि भूकंपाच्या ९ दिवस आधी, ८ जानेवारीला, ते सुरुवातीच्या दहापटीहून वर गेलं. हे संशोधन नावाजलेलं आहे.

आपल्याकडे किल्लारीत जमिनीवर भूकंपाची जी भेग उमटली, तिच्यावरच्या मातीत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना हेलियम वायूचं असाधारण प्रमाण सापडलं. ते त्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं. पण हे मोजमाप भूकंपानंतरचं होतं. भेग खोलवर वायूला वाट देते एवढं त्यातून कळतं. उद्या भूकंप होणार का, हे कळत नाही. दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि डीलरशिपच्या पत्रकात नेमका हाच फरक पुसलेला असतो.

दुसरी बाजूही ऐका. इटलीत २००९ साली जाम्पाओलो जुलियानी नावाचे तंत्रज्ञ स्वतःच्या रेडॉन यंत्रांवरून भूकंपाचा इशारा देत होते. मार्चअखेर त्यांचा इशारा सुलमोना गावाबद्दल असल्याचं गाजलं. तिथे तेव्हा काही झालं नाही, घबराट पसरवल्याची तक्रार झाली. आठवड्याभरात, ६ एप्रिलला, मोठा भूकंप आला तो ल'अक्विलाला, सुमारे पन्नास किलोमीटर दूर. तीनशेहून जास्त माणसं गेली. काही लोक आजही म्हणतात, बघा त्याला कळलं होतं. पण इशारा मानून सुलमोनातली माणसं हलवली असती, तर ती कुठे नेली असती? कदाचित ल'अक्विलालाच.

आपल्या शिवारातला पाणाड्या आठवतो का? नारळ हातावर उभा राहिला, तिथे बोअर घेतला, पाणी लागलं, की दहा गावांत नाव. ज्या वीस जागी धूळ निघाली त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. संशोधनातही तोच धोका असतो. भूकंपाआधी रेडॉन वाढलं की लेख छापून येतो. रेडॉन वाढलं आणि काहीच झालं नाही, त्याचा लेख कोण लिहिणार?

मशीन लर्निंगने नेमकं काय बदललं

मातीतलं रेडॉन रोज वर-खाली होतंच. हवेचा दाब उतरला की वायू जमिनीतून जास्त बाहेर येतो. पाऊस पडला की वरचा थर ओला होऊन झाकण बसल्यासारखं होतं. तापमान, ओलावा, सगळ्याचा परिणाम. मग भूकंपामुळे झालेला बदल ओळखायचा कसा?

स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी २००३ मध्ये क्रश्को खोऱ्यातल्या नोंदींवर एक वाट दाखवली, ती आजही वापरात आहे. आधी शांत काळातल्या नोंदी घ्यायच्या आणि हवामानावरून रेडॉन किती असेल हे संगणकाला शिकवायचं. त्यांनी निर्णयवृक्षाची पद्धत वापरली होती. मग रोज संगणकाचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतला फरक बघायचा. फरक मोठा असेल तर हवामानाशिवाय काहीतरी घडतंय. पुढे याच वाटेवर न्यूरल नेटवर्क आलं, रँडम फॉरेस्ट आलं, अलीकडे काळानुसार चालणाऱ्या नोंदी लक्षात ठेवणारी डीप लर्निंग मॉडेल्स आली. नावं बदलली, डाव तोच.

आपल्या देशातही काम चालू आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने मातीतलं रेडॉन सतत मोजणारं, सौरऊर्जेवर चालणारं आणि नोंदी दूर पाठवणारं केंद्र विकसित केलंय. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याचं नाव 'भरोसा' होतं. नाव गोड आहे. पण ते संशोधनाचं साधन आहे, गावात भोंगा वाजवायचं नाही.

आता पेन घ्या आणि माझ्याबरोबर हिशोब करा. समजा तुमच्या मॉडेलची अचूकता ९५ टक्के. पत्रकावर किती छान दिसतं! मोठा भूकंप एका भागात तीस वर्षांत एकदा येतो असं धरू, म्हणजे १०,९५० दिवसांत एकदा. उरलेल्या शांत दिवसांपैकी ५ टक्के दिवशी मॉडेल खोटी घंटा वाजवणार. किती झाल्या? जवळजवळ ५५०. दर वीस दिवसांनी एकदा गाव रात्री मैदानात. तिसऱ्या वेळेनंतर कोण बाहेर येईल? आणि ज्या रात्री खरंच यायला हवं, त्या रात्री?

उलटी गंमतही बघा. मी एक डबा केला, त्यात काहीच नाही, तो रोज फक्त "आज भूकंप नाही" एवढंच म्हणतो. त्याची अचूकता ९९.९९ टक्के भरते. तेव्हा कुणी नुसती टक्केवारी दाखवली तर दोनच प्रश्न विचारायचे. खोट्या घंटा किती वाजल्या? आणि मॉडेल तपासलं कुठल्या काळातल्या नोंदींवर?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा, आणि इथे भलेभले फसतात. यंत्र दर पंधरा मिनिटांनी नोंद करतं. लोक काय करतात, सगळ्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसतात, ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला. म्हणजे सकाळी दहाची आणि साडेदहाची नोंद शिकवली, आणि सव्वादहाची परीक्षेत विचारली. लातूरच्या पोरांना सांगायला नको, याला पेपर फुटणं म्हणतात! खरी परीक्षा अशी घ्यायची : पहिली दोन वर्षं शिकवायला, तिसरं पूर्ण वर्ष झाकून ठेवायचं. किंवा किल्लारीच्या नोंदींवर शिकवायचं आणि नांदेडच्या नोंदींवर तपासायचं. अशा परीक्षेत आकडे बऱ्याचदा खाली येतात, आणि तेच खरे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रेडॉनवरून भूकंपाचा इशारा हा संशोधनाचा विषय म्हणून जरूर चालावा, पण विकायचा माल म्हणून आज त्याला हात लावू नका. किल्लारीच्या पट्ट्यात तर अजिबात नाही. ज्या घरातली चार माणसं गेली त्या घराला खोटी घंटा विकून मिळालेला पैसा पचत नाही, आणि गावात एकदा पत गेली की दुसरा कुठला धंदाही उभा राहत नाही. भूकंपाच्या भीतीवर खरं उत्तर विकायचंच असेल तर घराच्या भिंती, बांधकामातले आडवे पट्टे, जुन्या घरांचं मजबुतीकरण आहे. तो विषय स्वतंत्र.

मग संशोधनातला पक्का भाग कोणता?

घरांचा. इथे कामाला खरी गती आली आहे. प्रत्येक घर मोजणं शक्य नसतं, म्हणून काही हजार घरं मोजायची, त्यांचा खडक, माती, मजला, बांधकामाचं वय, हवामान ही माहिती संगणकाला द्यायची आणि बाकीच्या घरांचा अंदाज काढायचा. स्वित्झर्लंडमध्ये असं काम दहा वर्षांपूर्वी झालं. जर्मनीच्या किरणोत्सार संरक्षण कार्यालयाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सुमारे १४,००० मोजमापांवरून रँडम फॉरेस्ट पद्धतीने देशाचा बारीक नकाशा मांडला. यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की तिथे एकच आकडा न सांगता "या भागात इतकी घरं मर्यादेच्या वर असण्याची शक्यता इतकी" असं सांगितलं जातं. गिऱ्हाइकाशी बोलायची हीच रीत ठेवावी.

दुसरा पक्का भाग म्हणजे फिल्मवरचे ठिपके मोजणं. रेडॉन मोजायची स्वस्त पद्धत अशी : एलआर-११५ नावाची प्लॅस्टिकची छोटी फिल्म डबीत घालून खोलीत दोन-तीन महिने टांगायची. आदळणारे अल्फा कण फिल्मवर सूक्ष्म ओरखडा सोडतात. नंतर रसायनात धुवून सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजायचे. वीज नाही, आवाज नाही. हे मोजणं म्हणजे डोळे फोडणारं काम, आणि फोटोतून ठिपके ओळखणं हे तर मशीन लर्निंगचं आवडतं काम. धूळ कुठली, ओरखडा कुठला, एकावर एक पडलेले दोन कसे ओळखायचे, यावर बरंच संशोधन चालू आहे. एखाद्या बीसीएस झालेल्या मुलाला हा प्रकल्प जमण्यासारखा आहे.

तिसरा भाग स्वस्त सेन्सरचा. नॉर्वेत २००८ मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत काम केलेल्या मंडळींनी एक छोटी कंपनी काढली, तीच आजची एअरथिंग्ज. घरात ठेवायचं रेडॉन मीटर त्यांनी साध्या माणसाच्या हातात दिलं. पण सेन्सरची मर्यादा समजून घ्या. मीटरमधली हवेची डबी समजा २०० मिलिलिटर, आणि हवेत रेडॉन १०० बेकरेल. तर त्या डबीत मिनिटाला रेडॉनची साधारण सव्वा विघटनं होतात. फक्त सव्वा! दहा मिनिटांत बारा. बाराच्या मोजणीत तीन-साडेतीनचा चढउतार निव्वळ योगायोगाने येतो, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास चूक. तासाभरात ती बारा टक्क्यांवर येते, दिवसभरात आणखी खाली. कुठलंही एआय न झालेली विघटनं मोजू शकत नाही. "दहा मिनिटांत अचूक रेडॉन" असं सांगणाऱ्या छोट्या यंत्राच्या विक्रेत्याला हे गणित करून दाखवा.

धंदा कुठे आहे, स्पष्ट सांगतो

अमेरिकेत हा व्यवसाय कसा उभा राहिला ते ऐका. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका अणुवीज केंद्रात काम करणारा इंजिनिअर किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्रासमोरून गेला की घंटा वाजायची. शोध घेतल्यावर कळलं की दोष केंद्रात नाही, त्याच्या घरात आहे. घरात रेडॉन प्रचंड साठलेलं. त्यानंतर तिथल्या पर्यावरण संस्थेने मार्गदर्शक पातळी ठरवली, घर विकताना रेडॉन तपासायची पद्धत पडली, आणि मग तपासणारे, दुरुस्त करणारे, फिल्म धुणारे असे हजारो छोटे व्यवसाय निघाले. यंत्र निघालं म्हणून बाजार आला असं झालं नाही. मापाला किंमत आली, मग बाजार आला.

भारतात घर विकताना रेडॉन चाचणी सक्तीची नाही. आपल्याकडे खिडक्या उघड्या, दारं उघडी, लातूरला बेसाल्ट. त्यामुळे नांदेड-लातूरचा सामान्य घरमालक आज यासाठी खिशात हात घालणार नाही, आणि त्याला घाबरवून घालायला लावणं बरोबर नाही. हे पचवा, मग पुढचं बोलू.

पैसे देणारे गिऱ्हाईक वेगळे आहेत. पुण्या-हैदराबादला हरित इमारतीचं किंवा आरोग्यपूर्ण इमारतीचं प्रमाणपत्र घेणारी कार्यालयं आहेत. 'वेल' नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकात रेडॉनची मर्यादा घातलेली आहे. नांदेडहून हैदराबाद काही लांब नाही. तिथे एकटं रेडॉन विकू नका. कार्बन डायऑक्साइड, धूलिकण, ओलावा आणि रेडॉन असा हवेचा एकत्र अहवाल विका. आपल्या गावात बंद एसीची तळघरं, अभ्यासिका, दवाखान्यांचे तळमजले इथे हाच अहवाल चालू शकेल. कोंदट अभ्यासिकेत पोरांना झोप का येते, याचं उत्तर बहुतेक कार्बन डायऑक्साइडच्या रकान्यात सापडेल, आणि मालकाला तेच पटेल. रेडॉन त्यातला एक रकाना.

दुसरं गिऱ्हाईक विद्यापीठं आणि संशोधन संस्था. इथे तुमची काळी माती कामाला येते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या प्राध्यापकांना भेटा. डब्या टांगणं, गावात संमती घेणं, दर तीन महिन्यांनी फिल्म गोळा करणं, नोंदी नीट ठेवणं, हे पायपिटीचं काम संशोधकाला जमवताना नाकी नऊ येतात. देगलूरचा ग्रॅनाइट आणि औशाचा बेसाल्ट अशा शेजारच्या नोंदी, चारही ऋतूंच्या, नीट ठेवलेल्या असतील तर त्यांना मोल आहे. मॉडेल आज फुकट डाउनलोड होतं. स्वच्छ नोंदी मात्र कुणालातरी पायी फिरून जमवाव्याच लागतात.

तंत्रज्ञान हवं असेल तर भाभा केंद्राने विकसित केलेली रेडॉन यंत्रं परवाना घेऊन खासगी कंपन्या बनवतात. 'स्मार्ट आरएनड्युओ' हे त्यातलं माहितीतलं नाव. अशी संशोधन दर्जाची यंत्रं महाग असतात, म्हणून पहिल्याच दिवशी कर्ज काढून घेऊ नका. जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी, सीएमईजीपीची चौकशी करायला हरकत नाही, पण आधी गिऱ्हाईक, मग यंत्र, मग कर्ज. क्रम उलटा केला की हप्ता पहिला येतो.

आणि कॅलिब्रेशन. मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला विचारा ओलावा मीटरचं महत्त्व. आडत्याचं मीटर १२ ऐवजी १४ दाखवतं आणि क्विंटलमागे कट्टी लागते. तो मीटर शेवटचा कधी तपासला, हे विचारायची सोय नसते. रेडॉनचं मीटर तर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा आकडा देतं, तिथे गिऱ्हाइकाकडे दुसरा आधारच नाही. म्हणून मीटर दरवर्षी मान्यताप्राप्त ठिकाणी तपासून घ्या, त्याची तारीख अहवालावर छापा, आणि आकड्यासोबत चूक किती असू शकते तेही छापा. "८० बेकरेल, कमी-जास्त १०" असं लिहिणारा माणूस सुरुवातीला गिऱ्हाइकाला कच्चा वाटतो. दुसऱ्या वर्षी तेच गिऱ्हाईक त्यालाच बोलावतं.

घरच्या अभ्यासासाठी एक काम देतो. कुणीतरी तुम्हाला एआय-रेडॉन यंत्राचं पत्रक पाठवलं असेलच. त्यातला अचूकतेचा दावा शोधा, वर केलेला १०,९५० दिवसांचा हिशोब त्यावर मांडा, आणि विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागा : शांत काळातल्या खोट्या घंटांची संख्या, तपासणीचं वर्ष आणि ठिकाण, कॅलिब्रेशनचा दाखला. उत्तर काय आलं ते व्हिडिओखाली लिहा, विक्रेत्याचं नाव न घालता. पुढच्या भागात एका अभ्यासिकेसाठी हवेच्या अहवालाचं कोटेशन कसं बनवायचं, ते आकड्यांसकट करून दाखवतो.